डेल्मरच्या घराखालचा भार

४ ऑक्टोबर, शनिवार
आलो एकदाचा! स्वतःचं दार, स्वतःची चूल. घर म्हणजे ट्रेलर, कारखान्यात तयार करून ट्रकने ओढत आणतात तो. चाकं केव्हाच काढली आहेत आणि घर सिमेंटच्या मोठ्या ठोकळ्यांच्या खांबांवर बसवलंय. अशा ट्रेलरांच्या वस्तीच्या, म्हणजे पार्कच्या, अगदी टोकाला, ओढ्याकाठी. समोर पिवळी पडलेली झाडं. दुपारी बीन्स शिजवल्या, मक्याचा पाव भाजला. गॅसचं बटण बंद आहे ना, ते चारदा पाहून आलो.

मुलगी व्हर्लीन सोडायला आली होती. बोळातून जाताना जमीन करकरली, तशी ती थांबली आणि मुद्दाम पुन्हा त्याच जागी नाचली. म्हणाली, डॅडी, ही फळी कुजलीय, एक दिवस पाय खाली जाईल आणि आठवडाभर कुणाला कळायचंही नाही. तिने वृद्धाश्रमात माझ्यासाठी खोली बघून ठेवलीय. एकोणीस तारखेला, रविवारी ती पुन्हा येणार. तोवर जमीन धड झाली नाही तर सामान बांधायचं, असं ठरलं. मी म्हटलं, ये की! आयुष्यभर कोळशाचे ट्रक दुरुस्त केले मी. फळ्यांनी मला हरवायचं?

७ ऑक्टोबर
करकर म्हणजे नुसतं घासणं असतं. खिळा ढिला होतो, फळी खालच्या आडव्या लाकडावरून किंचित उचलली जाते, पाय पडला की खिळ्यावर घासते. एवढंच. पायमोजे घालून घरभर फिरलो आणि आवाज आला तिथे खडूने फुली मारली. मग प्रत्येक फुलीवर लांब स्क्रू, थेट खालच्या लाकडापर्यंत. दोन फळ्यांच्या फटीत टाल्कम पावडर भरून झाडूने आत ढकलली. संध्याकाळपर्यंत घर गप्प.

शेजारचा हॉबर्ट टॅकेट डोकावला. पिंपासारखं पोट, तोंड कायम चालू. म्हणाला, म्हाताऱ्या, तुझ्या घराला नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोराचा वास येतोय! हसू दे. जमीन माझी आहे.

९ ऑक्टोबर
फुल्यांच्या जागा गप्प आहेत, आवाज दुसरीकडून येतो. आणि एक गोष्ट मला समजत नाही. मी आठवीत शाळा सोडली, तेव्हा माझी समजण्यात चूक होत असेल. पण जमीन मी पाय टेकल्यावर करकरत नाही. मी पाय उचलला की करकरते. खुर्चीत बसून राहिलो तर जास्तच. सकाळी पाहिलं तर सगळे स्क्रू थोडे थोडे वर आलेले. खालून रेटल्यासारखे. स्क्रू हलके असणार. हलकेच आहेत. उद्या जाड आणतो.

११ ऑक्टोबर
आज घराभोवतीचा पत्रा काढून रांगत खाली गेलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण गेलो. ओढ्यामुळे माती भिजून खांब खाली खचलेत. खांब आणि घराची लोखंडी तुळई यांच्यात माझा पंजा आडवा जातो. लाकडी पाचरी सगळ्या चिखलात पडल्यात. एकाही खांबाला घर टेकलेलं नाही.

वर आलो आणि पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध, म्हणजे जमीन अगदी सपाट.

मग घर कशावर उभं आहे?

हॉबर्टला बोलावलं. पोटामुळे तो काही आत शिरला नाही, वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, तुझ्या पापांनी धरून ठेवलंय रे, बरीच दिसतात! मला हसू आलं नाही. त्याचा जॅक मागून घेतला. घाबरलो म्हणून नाही. दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती.

१३ ऑक्टोबर
जॅक लावला. एवढं अवजड घर, दांडा दोन्ही हातांनी दाबावा लागतो. एका बोटाने दबला. घर आपणहून वर आलं, अंथरुणातलं माणूस चादर बदलताना कंबर उचलून धरतं तसं. मी ठोकळे चढवले, पाचरी ठोकल्या, जॅक सोडला. घर खाली बसलंच नाही. पाचर दोन बोटांनी ओढली तर निघाली.

डोक्यावरची जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत करकरली. ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतल्यासारखी.

घराच्या तळाला काळं कापड असतं, थंडी आत येऊ नये म्हणून. त्याला हात लावला. ऊबदार. गाईच्या कुशीसारखं ऊबदार.

मी जाणार नाही. लिहून ठेवतो. माझं घर आहे.

१५ ऑक्टोबर
आज झाडूच्या दांड्याने जमीन ठोकली आणि ओरडून विचारलं, कोण आहेस तू, कुणी सांगितलं होतं तुला उचलायला? शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे. खालून करकर आली, लांबलचक. आता चालताना पाय खाली टेकावाच लागत नाही. जमीनच वर येऊन तळव्याला लागते.

कुणाला सांगू? व्हर्लीनला सांगितलं तर खोली ठरलेलीच आहे. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणतील. नाही सांगत.

१७ ऑक्टोबर
घर माझ्या ठोकळ्यांवर बसवायचंच. हॉबर्टच्या गाडीतून आणखी आणले. प्रत्येक खांबावर एकेक चढवला, घर तेवढंच वर गेलं. आणखी एक, आणखी वर. आता दार आणि पायरी यांच्यात हातभर अंतर.

हॉबर्टची थट्टा बंद झालीय. म्हणाला, डेल्मर, चल माझ्याकडे, सोफ्यावर झोप. मी नाही म्हटलं. तो गेला तरी वळून वळून बघत होता.

उचल तू. बघू कोण दमतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
सकाळी उठलो तर घर आपल्या जागी, खाली. दार पायरीशी लागलेलं. शहाण्यासारखं.

व्हर्लीन आली. बोळात नाचली. स्वयंपाकघरात नाचली. एक आवाज नाही! म्हणाली, डॅडी, तुम्ही जिंकलात, खोली रद्द करते. मिठी मारली. असं किती दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. म्हणाली, आज इथेच राहते, तुमच्या हातचं जेवते. बूट काढून सोफ्यावर आडवी झाली.

सोफ्याखालची जमीन हळूच खोलगट झाली. हाताच्या तळव्यात काही घ्यावं तशी. कडा वर आल्या.

तिला दिसलं नाही. मला दिसलं.

गप्प बसलो असतो तर घर माझं होतं.

तिला म्हटलं, गाडीतून तुझी बॅग आण. ती बाहेर गेली आणि मी कडी लावली. खिडकीतून सगळं सांगितलं, ठोकळे, पाचरी, ऊब, सगळं. ती रडतेय. म्हणते, डॅडी, दार उघडा, तुम्हाला बरं नाही. म्हटलं, येतो तुझ्या त्या खोलीत, कबूल, पण तू आत पाऊल टाकायचं नाहीस. टाकलंस तर बापाची शपथ.

कोट घेतला. कडी काढली.

पायरी नाही. पायरी खाली राहिली — खूप खाली —

पाण्याचा पाइप तुटला. बाहेर कारंजं. हॉबर्ट तिला दंडाला धरून मागे ओढतोय. शाबास, हॉबर्ट. ओढ. सोडू नकोस तिला.

झाडांचे शेंडे खिडकीतून सरकतायत. ओढा ओलांडला.

ती मागे राहिली. मागेच राहिली — बरं झालं.

वही खिडकीच्या कडेवर ठेवून लिहितोय. तुला म्हातारा हवा होता? घे. पण गप्प बसलेला मिळणार नाही. टाच आपटतोय. पुन्हा टाच. माझ्या घरात मी हवा तसा नाचेन —

घर उचलून खाली जे चालतंय, त्याचं पाऊल चुकलं. अडखळलं!

पुन्हा आपट —