गेटच्या रेषेवरचा कोहळा

ओरगडम, चेन्नई
मंगळवार

आदरणीय रविकांतदाजी,

आपल्याला आणि चारुताईला वाकून नमस्कार. ताईचा गुडघा आता कसा आहे? मी इथे खुशाल आहे. आपण मिरजेच्या कारखान्यातून पाठवलेल्या बसच्या चाळीस काचांबद्दल मात्र तसं लिहिता येत नाही.

झालं ते असं. इथे आमच्या कारखान्यात कुठलीही नवी गोष्ट दृष्ट काढल्याशिवाय आत येत नाही. आपल्याकडून आलेली ही पहिलीच गाडी, म्हणून गेटवरच्या वेंकटनं चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळ्यावर कापूर पेटवून गाडीपुढे तीनदा ओवाळला आणि रस्त्यावर आपटून फोडला. (फोडलेला कोहळा लगेच बाजूला सारायचा असतो. पण तेवढ्यात शिफ्टची बस आली आणि वेंकट तिकडे धावला.) इकडे ड्रायव्हर घाई करत होता, कापराच्या धुरानं माझे डोळे चुरचुरत होते, म्हणून मी त्याच्या पावतीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असं लिहून सही करून टाकली. मग गाडी गेटमधून आत निघाली, कोहळ्याच्या गरावरून चाक घसरलं आणि गाडीचं मागचं अंग गेटच्या खांबावर जाऊन आदळलं. आवाज बराच वेळ चालला होता.

आता करार बघा. माल गेटच्या आत येईपर्यंत जोखीम पाठवणाऱ्याची, आत आल्यावर घेणाऱ्याची. गाडीचं तोंड आत होतं आणि काचा बाहेर. आमच्या वकीलबाई दिव्यश्री अड्यारहून टेप घेऊन आल्या आणि भर उन्हात वाकून रेषा मोजत बसल्या. माझी सही दाखवून वाहतूकवाल्यानं केव्हाच हात झटकले. माल बाहेर फुटला असं ठरलं तर भुर्दंड आपल्याला. सही झाली तेव्हाच तो आमचा झाला असं ठरलं तर माझी नोकरी जाते. त्यात बाईंनी विचारलं, कोहळा फोडायला कोणी सांगितलं? वेंकट नुसतं "तिरुष्टि, मॅडम," (म्हणजे आपली दृष्ट) म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला. दाजी, मला खरंच फार वाईट वाटतंय. त्या काचा आपण स्वतः उभं राहून पेंढ्यात बांधून घेतल्या होत्या.

आपला (आज संध्याकाळपर्यंत तरी नोकरीत असलेला) मेहुणा,
अनय

ता. क. कोहळा मीच आणवला. त्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला होता, पहिली गाडी आहे, दृष्ट काढायला विसरू नकोस. म्हणून अहवालात मी 'पाठवणाऱ्यांच्या सूचनेवरून' असं लिहिलं आहे. बाई आपल्याला विचारतील, तेव्हा कृपया हो म्हणावं. आपल्या मालाचा विमा आहे, माझ्या नोकरीचा नाही. आपली पुढची ऑर्डर मी सांभाळतो, पण त्यासाठी मी इथे असायला हवा.

आणखी एक. ताईला हे सगळं कळलं आहे. काचा फुटल्या त्या दृष्ट लागूनच, एका कोहळ्यानं भागलं नाही, पुढच्या गाडीला दोन फोड, असं तिनं आत्ताच फोनवर बजावलं. तेव्हा दुसरी गाडी कधी निघते ते फक्त मला कळवावं.