अजून थोडी वाढले की

९ जून, सोमवार
नांदेडहून परत. अहमदपूर स्टँड आला तेव्हा वेदिका गाढ झोपेत. उठवायचं सोडून कडेवर घेतलं. बारा वर्षांची मुलगी. जड लागली नाही.
खाली उतरल्यावर डोळे उघडले. "मम्मी, खाली ठेव. लोक बघायलेत."
ठेवलं.
डॉक्टर दर महिन्याला हैदराबादहून येतात, बरे बोलतात. वाढतेय म्हणाले, इंजेक्शन चालू ठेवा. कारण अजून सापडलेलं नाहीच. जन्मली तेव्हाच छोटी होती, तेवढंच. मग तिच्यासमोरच म्हणाले, "पाळी सुरू झाली की हाडांची टोकं मिटायला लागतात. उंचीला मग फार वेळ राहत नाही. झालं की लगेच कळवायचं, औषधाचं नव्याने ठरवावं लागेल."
वे. टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या गुडघ्याशी खेळत होती. ऐकलं असेल. नसेल.

१२ जून
संध्याकाळपासून लाईट नाही. इंजेक्शनचा पेन फ्रिजमधून काढून बर्फाच्या थर्मासमध्ये. दही नासलं तर नासू दे.
जेवण झालं की रोजचंच. "आज कोणती?" "डावी." ती स्वतःच मांडी चिमटीत धरते, मी टोचते. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून शिवशिव म्हणतात.
"डास चावल्यावानी असतंय का गं?"
"मुंगी, अव्वा. लाल मुंगी."
"मग लई न्हाई."
"तुम्ही घेऊन बघा की."
अव्वा हसल्या. मीही हसले असेन.

१६ जून
शाळा सुरू. सातवी. नव्या बाईंनी प्रार्थनेला हिला धरून तिसरीच्या रांगेत नेऊन उभं केलं. ही प्रार्थना संपेपर्यंत तिथेच. घरी येऊन हसत सांगत होती. "तिसरीची प्रार्थना पण तीच असते, मम्मी."
शाळेत जाऊन बोलावं का? मागे दोनदा बोलले. बाई बदलतात.

२९ जून, लातूर
नणंदेची वास्तुशांत. मांडवात पुन्हा तेच. कुणीतरी बाई ओंकारला जवळ घेऊन, "थोरला का? अन् ही धाकटी?" ओंकार नऊ वर्षांचा आहे, बहिणीपेक्षा चांगलाच उंच. त्याला आता याचा कंटाळा आलाय. "ही ताई आहे. मी धाकटा," म्हणाला आणि जिलेबीकडे निघून गेला.
वे.ला लहान मुलांच्या पंगतीत बसवलं. ती बसली.
नणंदेची मुलगी हिच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी. गेल्या वर्षी तिला पाळी आली तेव्हा नणंदेने हॉल घेऊन ओटी भरली होती, शंभरेक बाया. त्याचा अल्बम आज सगळ्यांना दाखवला. पैठणी, गजरे, मांडीवर नारळ. अव्वा कौतुकाने पानं उलटत होत्या. "आपल्या लिंगायतांत विटाळ न्हाई. पर हौस हाय."
मग नणंद मला म्हणाली, "वहिनी, आपल्या वेदूचं अजून नाही ना? असू द्या. लेकरूच दिसतंय की अजून."
मी म्हणाले, नाही. बोलताना बरं वाटलं. काहीतरी कमावल्यासारखं.

६ जुलै, रविवार
वे.च्या डोक्याला तेल. रविवारी तेल लावताना विचारायचं, अशी सवय लागलीय.
"काही नाही ना?"
"नाही."
केस दाट आहेत तिचे. उंचीचं सोडून सगळं वेळेवर.

१४ जुलै, नांदेड
वाढीचा वेग कमी झालाय. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. टाचा भिंतीला, हनुवटी सरळ. मीही ताठ उभी होते, जणू मलाच मोजतायत.
"पाळी?" तिलाच विचारलं त्यांनी.
"नाही."
पुढच्या वेळी डाव्या हाताचा एक्स-रे. हाडांचं वय बघायचं.
लोह्याला गाडी थांबली. तिला भूक होती, भजी घेतली. मी खाल्ली की नाही आठवत नाही.

२ ऑगस्ट
दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. कथा कुठवर आली? येतेय म्हणाले. एक ओळ नाही. कॉलेजात शिकवते, घरी येते, भाकरी करते. मध्ये कुठेही दुखत नाही. दुखायला हवं असं वाटतं, पण ते वाटणंही लांबूनच.

११ ऑगस्ट
डॉक्टर या महिन्यात येणार नाहीत. दवाखान्यातून फोन. एक्स-रे पुढच्या महिन्यावर गेला. सुटका झाली असं का वाटावं?

१९ ऑगस्ट, मंगळवार
पावसाने कॉलेज लवकर सुटलं. घरी आले तर पुढचं दार नुसतं लोटलेलं. शाळेलाही सुट्टी, ओंकार शेजारी खेळायला. देवघरातून अव्वांचा आवाज.
वे. पाटावर बसलेली. अंगाभोवती माझी अबोली साडी, नेसवलेली नाही, गुंडाळलेली. पदरात तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. नारळ तिच्या मांडीवर फार मोठा दिसत होता. अव्वा कुंकू लावत होत्या. दोघींनी वर बघितलं.
मी विचारलं, "कधी?"
अव्वाच बोलल्या. "आखाड लागल्या लागल्या. पुन्यांदा परवा. सांगू नको म्हणलं लेकरू, मी न्हाई सांगितलं. पर पोरीची ओटी लई दिवस मोकळी ठेवू नये म्हणून आज बसवलं. उभी कामून? बस की तू बी."
बसले. अव्वांनी माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. वे.च्या पदरातल्या तांदळांत मी पाच मुठी घातल्या. हात नीट चालत होते.
आखाड लागल्या लागल्या. म्हणजे सहा जुलैला मी तेल लावत होते तेव्हा झालेलं होतं. डॉक्टरांना 'नाही' म्हणाली तेव्हाही.
कपाटातली पॅडची पाकिटं लवकर संपायची. मला वाटायचं, माझंच वय झालं, आता असंच होणार.
माझ्या माहेरीही लिंगायतच, पण आई तीन दिवस बाजूला बसायची. या घरात ते काही नाही. लग्न होऊन आले तेव्हा मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे कुणाला पत्ताही लागत नाही. नाहीच लागला.
जेवणानंतर पेन काढला. वे. म्हणाली, "आता पण?"
"हो. आज कोणती?"
"उजवी."

२० ऑगस्ट
यांना सकाळी सांगितलं. दुकानाच्या किल्ल्या हातात होत्या, तशाच राहिल्या.
"बरं झालं. सुटली पोरगी एकदाची. किती टोचायचं?" मग जोडे घालता घालता, "डॉक्टरला सांगायची घाई करू नको मात्र. बंद करून टाकतील."
दोन्ही एकाच तोंडाने. मी त्यांना हसले नाही, कारण माझंही तेच चाललंय. दवाखान्याला फोन मीही अजून केलेला नाही.
संध्याकाळी वे.साठी रंगपेटी घेऊन आले. हार्डवेअरच्या दुकानदाराला सुचेल ते. ओंकार रडला, मला का नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
तेल. आज काय विचारायचं ते सुचेना. शेवटी, का सांगितलं नाहीस?
"तू परत तशी बसली असती."
"कशी?"
"किचनमध्ये. गॅस बंद करून. नांदेडहून आलो की बसतेस ना ओट्याला टेकून. ओंकार हाक मारतो तरी ऐकू येत नाही तुला."
मी अशी बसते हे मला माहीत नव्हतं.
मग वेणी घालताना, माझ्याकडे पाठ होती तिची, "अन् मला वाटलं, अजून थोडी वाढले की सांगावं. म्हणजे मग काही वाटलं नसतं कुणाला."
रिबीन नीट बसली नाही. पुन्हा बांधली.

२५ ऑगस्ट
अव्वांशी बोलले. आवाज चढवला नाही. तुम्ही तरी मला सांगायला हवं होतं, एकेक महिना महत्त्वाचा असतो.
त्या भाजी निवडत होत्या. "लेकरू पोट धरून माझ्या गोधडीत आलं. रडायलं न्हाई, बोलायलं न्हाई. मी काय करू? दवाखान्यात पाठवू का कुशीत घेऊ?"
"मला उठवायचं."
"तू बी घरातच होतीस की गं."
मेथीच्या काड्या मी उचलून टाकल्या. त्यांनी पुढची जुडी सोडली.

१ सप्टेंबर
घरात महालक्ष्म्या. वे.ने मुखवट्यांना साड्या नेसवल्या. उंच स्टुलावर उभी राहून, कुणाला हात लावू दिला नाही. थोरलीचा पदर चांगला घेतला. गल्लीतल्या बाया विचारत होत्या, कुणी नेसवल्या. अव्वा सांगत होत्या, "आमच्या नातीनं. ही काय, ही."
मी सोळा भाज्या केल्या. सगळ्यांनी चांगल्या झाल्या म्हणून सांगितलं.

५ सप्टेंबर
अभ्यास करता करता, मान वर न करता, "मम्मी, म्हणजे आता मी एवढीच का?"
"एक्स-रेत कळेल."
"तुला काय वाटतं?"
खोटं बोलायला तयार होते. तोंडात आलंही होतं. "माहीत नाही गं."
"बरं," म्हणाली. भूगोलाचा नकाशा रंगवायला लागली. बापाने आणलेल्या रंगांनी. गोदावरी जांभळी केली. निळा ओंकारने मोडला म्हणे.

७ सप्टेंबर
उद्या नांदेड. हे म्हणाले, मीही येतो, दुकान बंद ठेवतो. वे. म्हणाली, नको. हे माझ्याकडे बघायला लागले. दोघीच जाऊ, म्हणाले.
डॉक्टरांना काय सांगायचं ते मनात जुळवतेय. डॉक्टर, आमच्या लक्षात आलं नाही. डॉक्टर, उशिरा कळलं. एकाही वाक्यात ती कुठेच नाही.

८ सप्टेंबर, नांदेड, दवाखान्याच्या बाकावरून
एक्स-रे झाला. तिथल्या माणसाने लाडाने हात धरला, "बाळा, असा सपाट ठेवायचा हं. कितवीत तू? दुसरीत?"
"सातवीत. हलवायचा नाही ना?"
त्याने वाकून पुन्हा बघितलं तिच्याकडे. ही समोर बघत होती, हात पसरून.
फिल्म मिळाली. बाकावर बसून तिने खिडकीच्या उजेडात धरली. "बघ ना, बोटं किती लांब दिसायलीत माझी." बघितली. बारीक, पांढरी, सांध्यासांध्यात काळ्या फटी. कुठे उघड्या, कुठे नाहीत, मला काय कळणार. तरी बघत राहिले.
नाव पुकारलं. मी पर्स उचलली.
"मी एकटीच जाऊ?"
"का?"
"खोटं मी बोलले ना त्यांच्याशी. मीच सांगते." मग खालच्या आवाजात, "तू असलीस की मला तुझ्याकडे बघावं लागतं."
दारावरच्या पोऱ्याने अडवलं. "लहान पेशंट एकटं सोडत नाहीत. मावशी, चला तुम्ही पण."
"मी बारा वर्षांची आहे," वे. म्हणाली. "मम्मी बाहेर बसणार आहे."
त्याने माझ्याकडे पाहिलं. हो, मी बसणार आहे, म्हणाले. आवाज नीट आला.
फिल्मचं पाकीट तिच्या मांड्यांपर्यंत येत होतं. दोन्ही हातांनी छातीशी धरून आत गेली. दार आपोआप लागलं.
आधी डॉक्टरांचा आवाज. मग तिचा, बराच वेळ तिचाच. शब्द कळत नाहीत. मध्ये एकदा थांबली, पुन्हा सुरू झाली.
आता कुणाचाच नाही. फिल्म बघत असतील.
शेजारच्या बाईने विचारलं, आत कोण आहे तुमचं? मुलगी, म्हणाले. केवढी आहे?
उत्तर द्यायचं राहिलं. तिचं बाळ रडायला लागलं होतं, ती उठून फेऱ्या मारायला लागली.
दाराशी जाऊन ऐकावं असं वाटतंय. बसलेय.