दादाबरोबर ग्वांगझोपर्यंत

कायफंग, ६ नोव्हेंबर

प्रिय यालिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दचकली असशील. एरवी आपलं बोलणं फोनवरच, तेही वसंतोत्सवाला आणि तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला. त्यातही मी तुझ्या बाबांचं नाव काढलं की तू म्हणतेस, "आत्या, गिऱ्हाईक आलंय, ठेवते हं." कागदाला तसं सांगता येत नाही, म्हणून हातानं लिहितेय. भरतकामाच्या कारखान्यात तीस वर्षं घालवून डोळे अधू झालेत. ओळी वरखाली गेल्या तर समजून घे. रागावून मध्येच घडी घातलीस तरी चालेल, पण नंतर उघड आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या पंधरवड्यात मी आणि दादा प्रवासाला जाऊन आलो. शहरात शेवंतीचा उत्सव सुरू होता, सगळा गाव पाहुण्यांनी भरलेला, आणि हा माणूस थर्मास काखोटीला मारून माझ्या दारात उभा. म्हणे, "फांग, चल, दक्षिणेला जाऊन येऊ. गुडघे चालतायत तोवर." मी म्हटलं, "मला काय बिनपगारी हमाल म्हणून नेतोस?" तर म्हणाला, "हमाल नाही, पहारेकरी. मला डुलकी लागली की सामान सांभाळायला." आवाज बसलेला होता. मला वाटलं सर्दी असेल. जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात हातोड्यांच्या वरताण ओरडलेला माणूस, त्याचा घसा कधी ना कधी बसायचाच. वेगाच्या गाडीनं जायला तो तयार नव्हता. "त्या गाडीत खिडकीबाहेर काही दिसत नाही, नुसत्या रेघा," असं म्हणून त्यानं जुन्या हिरव्या गाडीची तिकिटं काढली. कुठंकुठं जायचं ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. साठी ओलांडल्यावर थोरला भाऊ कुठं नेतोय हे कोण विचारतं?

पहिला मुक्काम झेंगझो. मला वाटलं, त्याचा कुणी जुना सोबती असेल तिथं. तर तो मला थेट त्या हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत घेऊन गेला. मटणाच्या रश्शातल्या नूडल्स मागवल्या आणि फाटकाकडे तोंड करून बसला. तुझ्या आईनं, माझ्या यूल्येनवहिनीनं, शेवटचे एकवीस दिवस त्या फाटकाच्या आत काढले. तुला हे माहीत आहे. तरीही लिहिते, कारण मला सगळं ओळीनं सांगायचंय. तू तेव्हा ग्वांगझोला होतीस. दोन गर्भ गेल्यावर तिसरा कसाबसा टिकला होता, पाचवा महिना होता, आणि डॉक्टरांनी तुला पलंगावरून उठायला मनाई केली होती. वहिनीनं आम्हा दोघांकडून वचन घेतलं, "यालिनला कळता कामा नये. बाळ हातात येऊ दे, मग सांगा." तू रोज संध्याकाळी फोन करायचीस आणि मी उचलायचे. "आई बाजारात गेलीय." "आई शेजारी पत्ते कुटतेय." तू हसायचीस. म्हणायचीस, "आईला सांग, हरलीस तर घरी येऊ नकोस." मी फोन ठेवायचे आणि तो निरोप वहिनीला जसाच्या तसा सांगायचे. तीही हसायची.

झेंगझोहून वुहान. स्टेशनवर उतरून तिळाच्या चटणीतल्या नूडल्स खाऊया म्हणून तोच नाचत होता, आणि निम्मी वाटी माझ्याकडे सरकवली. मग आम्ही तुझ्या विद्यापीठात गेलो. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला, की हा तुझ्याच वाटेनं चाललाय. तुला पोचवायला आला होता तेव्हा तुझी रजई पाठीवर घेऊन याच फाटकातून आत गेला होता, असं तो सांगायला लागला. पण फाटकावरचा पहारेकरी आत सोडेना. "कुणाला भेटायचंय?" "कुणाला नाही. इथं माझी मुलगी शिकत होती." "कधी?" "वीस वर्षं झाली." तो पोरगेला माणूस खो खो हसला. "आजोबा, जरा उशीर केलात हो! ती जेवायला गेली असेल." दादानं एरवी अशा माणसाला उभं चिरलं असतं. त्या दिवशी तोही हसला. मग त्या पहारेकऱ्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्यानं वहीत आमची नावं लिहून घेतली आणि म्हणाला, "अर्धा तास. झाडांखालून सरळ जा, डावीकडे मुलींची वसतिगृहं." तुझी खिडकी कुठली ते दादाला पक्कं आठवत होतं. तिसरा मजला, जिन्यापासून दुसरी. तिथं कुणाचे तरी मोजे वाळत होते. तो ते मोजेच बराच वेळ बघत राहिला.

चांगशाला तू रंगाच्या कारखान्यात नोकरीला होतीस, तिथं आता उंच इमारती आहेत. पण तुझ्या खोलीची मालकीण, ती ठेंगणी तान आजी, अजून त्याच बोळात आहे. दादानं नाव सांगितलं मात्र, ती ओरडलीच, "कायफंगची ती पोर? रविवारी सकाळी टेबलावर कणीक आपटून आपटून गल्ली उठवायची! मी म्हणायचे, अगं, नूडल्स ओढतेस की नवऱ्याला बडवतेस?" मग तिनं आम्हाला बसवलं आणि मिरचीत लाल केलेलं टोफू पुढं ठेवलं. मी दादाला डोळ्यानं खुणावत होते की खाऊ नकोस, पण आपल्या मुलीची घरमालकीण म्हणून त्यानं मोठा घास घेतला. मग जो ठसका लागला तो थांबेना. रुमाल तोंडावरून काढला तर त्यावर रक्त. पाणी, औषध, काही सापडतंय का म्हणून मी त्याची पिशवी उपसली. औषध नव्हतं. हॉस्पिटलचा कागद होता. तान आजीला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, ते बरं झालं. मला मात्र वाचता आलं. त्याच्या स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट गाठ. ते स्वरयंत्रच काढून टाकायचं ठरलंय. डॉक्टरांकडून त्यानं महिनाभराची मुदत मागून घेतली होती, आणि त्या मुदतीत तो मला घेऊन तू जिथं जिथं राहिलीस त्या गावांतून हिंडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वांगझोची गाडी धरली. अख्ख्या दिवसाचा प्रवास. बाहेर डोंगर लागले, बोगदे लागले, समोरची बाई संत्री सोलून सगळ्यांना वाटत होती. बऱ्याच वेळानं दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फांग, यालिनला यातलं काही कळता कामा नये." अगदी वहिनीचे शब्द. यालिन, आठ वर्षं मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्या गाडीत, संत्र्याच्या सालींसमोर, माझ्या तोंडून बाहेर पडलं. आता तुलाही सांगते.

वहिनीच्या शेवटच्या दुपारी दादा औषधांच्या रांगेत गेला होता. खोलीत मी एकटी. तिनं डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "फांग, यालिनला फोन कर. मला ती हवीय." मी हो म्हटलं. फोन हातात घेतला, बाहेर गेले, आणि केला नाही. मला वाटलं, तापात बोलतेय. तू तशीच उठून धावत निघशील, वाटेत काही झालं तर बाळाचं काय, असंही वाटलं. भीतीच वाटली, खरं सांगायचं तर. परत आत येऊन मी तिला म्हटलं, "केला." पहाटे ती गेली. संध्याकाळी मी तुला फोन केला, तो फक्त ती गेल्याचं सांगायला. डॉक्टरांची मनाई मोडून तू पोचलीस तोवर अंत्यसंस्कारही झाले होते. दारात उभी राहून तू दादाला म्हणालीस, "मला काल संध्याकाळी कळलं. बाबा, माझी आई तुम्ही माझ्यापासून चोरलीत." आणि तो सगळ्यांसमोर ओरडला, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड!" मी बाजूलाच उभी होते. तुझ्या हातातली पिशवी मीच धरली होती. मी गप्प राहिले.

हे ऐकून तो मला गाडीतून खाली ढकलेल असं वाटलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला माहीत आहे." वहिनीनं त्याला सांगितलं होतं, औषधं घेऊन आला तेव्हाच. "फांगनं फोन केलाय, यालिन निघाली असेल," असं म्हणून ती दाराकडे बघत पडली होती. त्यालाही ते खरंच वाटलं. दारात तू 'काल संध्याकाळी' म्हणालीस, त्या क्षणी त्याला सगळं उमगलं. तो ओरडला होता तो माझ्यावर, गं. तुझ्याकडे बघून ओरडला, एवढंच. मी विचारलं, "मग आठ वर्षं बोलला का नाहीस? माझं नाव का नाही घेतलंस?" तर म्हणाला, "घेतलं असतं तर तिनं तुलाही तोडलं असतं. मग माहेरचं म्हणून तिला फोन करायला कोण उरलं असतं? माझ्यावर रागावली, पण तुझ्याशी बोलत राहिली. तू दाखवतेस म्हणून तर नातीचे फोटो दिसतात मला." समोरच्या बाईनं आम्हा दोघांच्या हातात एकेक संत्रं ठेवलं आणि तोंड फिरवून बसली.

ग्वांगझोला तो तुझ्या नूडल्सच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत आला. तिथून पुढं पाय उचलेना. "असा गेलो तर आजार दाखवायला आल्यासारखं होईल. तिची दया नकोय मला." मी गेले असते तर तू ओळखलं असतंस. शेवटी त्यानं रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईला विनवलं. सव्वीस तारखेला, दुपारी, पिवळ्या छत्रीवाल्या एका जाड बाईनं मटणाच्या नूडल्सचे दोन डबे नेले, एकात रस्सा जास्त आणि तिखट अजिबात नको म्हणाली, आठवतं? तू तिला विचारलंस, "घरात कुणी आजारी आहे का?" तिनं आम्हाला येऊन सांगितलं. वडाखालच्या बाकावर बसून आम्ही ते खाल्लं. नूडल्स त्याला गिळता येईनात. रस्सा मात्र घोट घोट करत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. म्हणाला, "मीठ थोडं जास्त पडलंय." तेवढ्यात शाळेचा निळा-पांढरा पोशाख घातलेली एक मुलगी उड्या मारत आली आणि तुझ्या दुकानात शिरली. दादा उठून उभा राहिला. ती आत गेल्यावरही उभाच होता.

यालिन, हे पत्र मी त्याच्या वतीनं माफी मागायला लिहिलेलं नाही. त्याचा गुन्हाच नव्हता. गुन्हा माझा, आणि त्याबद्दल तू मला जे म्हणशील ते मी ऐकून घेईन. माझा फोन कधीच उचलला नाहीस तरी माझी तक्रार नाही. पण घरात दुसऱ्यांदा तुझ्यापासून असलं काही लपवायचं, आणि तेही माझ्या तोंडून, हे आता माझ्याच्यानं होणार नाही. तुला सांगणार नाही असं मी त्याला गाडीत कबूल केलं होतं. ते वचन आज मोडते. त्याचं ऑपरेशन अठरा तारखेला आहे, झेंगझोला, त्याच हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणतात जीव बहुधा वाचेल, पण बोलणं संपेल. म्हणून आधी मला नको, त्याला फोन कर. त्याचा नंबर तोच आहे, तुझ्यासाठीच त्यानं तो बदललेला नाही. तुझा आवाज ऐकून तो पहिल्यांदा ओरडेल, की कुणी सांगितलं, कशाला केलास म्हणून. ओरडू दे त्याला. फोन ठेवू नकोस.

मी काहीही केलं असलं, तरी तुझीच
पेइफांगआत्या