केवडा पडलेली वेल

आण्णा, तुमची वेल अजून आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, घराला दोनदा रंग झाला, शेजारी बदलले, पण ती आहे. आज सकाळपासून मी कात्री घेऊन तिच्यासमोर बसले आहे आणि कापायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. बाहेर कोल्हापुरातली थंडी आहे. ऊन गॅलरीच्या अर्ध्या फरशीपर्यंत आलंय आणि तिथंच पेंगुळल्यासारखं थांबलंय.

गुडघ्याचं ऑपरेशन करून तुम्ही लेकीकडे, माझ्याकडे राहायला आलात तो दिवस मला काल झाल्यासारखा दिसतो. उभा जन्म कागलच्या कंपनीत पाळी करण्यात आणि पाळी सुटली की उसाला पाणी पाजण्यात गेलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तुम्हाला करमणार कसं, याचीच मला धास्ती होती. तुम्ही खुर्चीत टेकलात, चहा बशीत ओतलात, आणि टीपॉयवरच्या माझ्या नव्याकोऱ्या आयव्हीकडे नजर जाताच बशी खाली ठेवलीत. केवढ्या हौसेनं आणली होती मी ती! पंजासारखी पानं, मधे हिरवी, कडेनं दुधासारखी पांढरी.

"आगं, ह्याला केवडा पडलाय की!" तुम्ही म्हणालात.

मी समजावलं, आण्णा, हा रोग नाही, याची जातच अशी, या पांढऱ्या काठासाठीच लोक ही घेतात. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मला कुणीतरी भर बाजारात फसवलंय. "पान पांढरं पडलं म्हंजे लोखंड कमी पडलं. उसाचं पान असंच पडतंय. आन् रोगट झाड कुनी हौसंनं घरात आनतंय व्हय?" उसात जन्म गेलेल्या माणसाला पांढरं पान सुंदर दिसतं हे पटवून देणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून घरी येते तर टीपॉय रिकामा. कुंडी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, अंधारात, आणि तुम्ही शेजारी स्टूल घेऊन बसलेले. गावाकडच्या कुणाकडून तरी तुम्ही हिराकस, उसाला लोखंड म्हणून घालतात तो, मागवला होता, माझ्या चांगल्या पातेल्यात कालवला होता, आणि उसाच्या सरीला पाजावं तसं त्या बिचारीला पाणी पाजलं होतं. फरशीवर तांबूस ओघळ. मी चिडले. खिडकीतून का हलवली म्हणून विचारलं. "आजारी मानसाला कुनी उनात ठिवतंय व्हय?" असं म्हणून तुम्ही हसलात, आणि माझा राग तिथंच विरघळला.

तो सगळा पावसाळा मला आता एकाच लांब दुपारसारखा आठवतो. पंखा हळू फिरतोय, तुम्ही बनियनवर, हातात ओलं फडकं, एकेक पान तळहातावर घेऊन पुसताय. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तुम्ही दाद देत नव्हता, पण वेलीकडे जायला मात्र उठायचात. भिंतीला धरून, मग खुर्चीला धरून, मग कशालाच न धरता. कोपऱ्यातून नवी पानं निघाली ती हिरवीगार. तुम्ही मला हाक मारून बोलावलंत, बाळंतिणीनं बाळ दाखवावं तसं. उजेड कमी पडला की ही आयव्ही काठ सोडते, जगायला तिला सगळं पान हिरवं लागतं, हे मी वाचलं होतं आणि लगेच बोलूनही दाखवलं. "व्हय व्हय," तुम्ही म्हणालात, "आन् हिराकस काय गंमत म्हनून घातला?" त्या दिवशी तुम्ही काठीशिवाय चालत स्वयंपाकघरापर्यंत आलात आणि माझ्या हातची भाकरी उलटून दाखवलीत.

तुमच्यामागं मी तिला सांभाळायला शिकले. उन्हाळ्यात घरात, खिडकीपासून जरा आत. पावसाळ्यात गॅलरीत, पण झड लागणार नाही अशा भिंतीकडे. बोट मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. लाल कोळी, ती बारीक कीड, पानांवर जाळं करायला लागली की कुंडी नळाखाली नेऊन पानं उलटी करून धुवायची. ती हिरवीच राहिली, मीही तिला हिरवीच राहू दिलं. गेल्या दिवाळीनंतर मात्र ती सकाळच्या उन्हात ठेवली, आणि आता एका बारीक फांदीवर पांढरा काठ आलाय. नर्सरीतल्या बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "ताई, हिरव्या फांद्या लई जोराच्या असत्यात, पांढरीला वर येऊ द्यायच्या न्हाईत. हिरवं सगळं बुडातनं काढा, थंडी हाय तवर."

बाईंचं बरोबर आहे. मला पांढरी हवी होती, मी तिच्यासाठीच आणली होती. पण हिरवं म्हणजे तुम्ही. इथवर लिहून मी उठले, फांद्या बाजूला करून बुंध्यापर्यंत बघितलं, तुम्ही पुसलेलं एखादं पान सापडतंय का म्हणून. नाही सापडलं. ती सगळी केव्हाच गळून गेली. यातलं एकही पान तुमच्या हातचं नाही, मग मी इतकी वर्षं काय जपत होते? बराच वेळ रडले, आण्णा. नंतर ती पांढरी फांदीच कापली आणि पाण्याच्या बाटलीत घालून खिडकीत ठेवली. मुळं फुटतील, नाहीतर नाही फुटणार. हिरव्याला हात लावला नाही.

बाईंना कळलं तर त्या कपाळावर हात मारतील. हे पत्र मी टाकणार नाही, टाकणार तरी कुठं? माझा मुलगा मघाशी विचारत होता, असं उलटं का केलंस. मी म्हटलं, असू दे, आणि तो लगेच बरं म्हणून निघूनही गेला. घरात आता सगळे माझंच ऐकतात, आण्णा, "व्हय व्हय" म्हणून आपलंच खरं करणारं कुणी उरलं नाही. मला ते मुळीच आवडत नाही.