तेरावं घर

मंगळवार, ७ मार्च १९८९. मेम्फिस

रेकॉर्डिंगचं पहिलंच गाणं, आणि तिथेच घोटाळा! ब्लूजच्या कडव्याला बारा घरं, प्रत्येक घरात चार मात्रा. आमचे गायक ओथा टिबेट्स यांच्या कडव्यात तेरा भरली. त्यांचे पाचही वादक – दोन ट्रंपेट, दोन सॅक्सोफोन, एक ट्रॉम्बोन – मी लिहिल्याप्रमाणे अचूक आले आणि म्हाताऱ्याच्या ओळीवर आदळले. चार वेळा!

मी टेप थांबवली. "मिस्टर ओथा, बारा."

"बारा कुणाची, पोरी? तुझी की माझी?" सगळे हसले.

मीही हसायला हवं होतं. मी म्हणाले, "ज्यांना मोजता येतं, त्यांची."

मग कुणीच हसलं नाही. मिस्टर ओथा तिसरीनंतर शाळेत गेलेले नाहीत. मला ठाऊक होतं – बोलताना ठाऊक होतं.

बुधवार, ८

मिस्टर ओथा सर्वांच्या आधी हजर. कोटाच्या खिशात बोटं हलत होती. प्रत्येक कडवं बारा घरांचं. एका दमात गाणं पूर्ण. तीन आठवडे घासून लिहिलेली माझी जॅझची स्वररचना अखेर स्वच्छ ऐकू आली. "उत्तम!" मी म्हणाले.

"बरोबर आलं ना, प्रोफेसरबाई?"

कालपर्यंत मी 'पोरी' होते.

गुरुवार, ९

जेवताना एझेल समोर येऊन बसला. ट्रॉम्बोनवाला; मिस्टर ओथांबरोबर वीस वर्षं.

"मॅडम, त्या तेराव्या घरात काय असतं, ऐकलंत?"

"चूक."

"ते थांबतात तिथे. ओळ खाली बसू देतात. आम्ही त्यांचा डावा खांदा बघतो. खांदा उतरला, की फुंकायचं. आता कागदात डोकं घातल्यावर खांदा कसा दिसणार?" माशाचा काटा काढत पुढे म्हणाला, "विद्या मोठी आहे तुमची. मानही तेवढीच ताठ."

उद्धट माणूस! मी ताट तसंच सोडून उठले.

दुपारी दोन्ही टेप ऐकल्या. कालची निर्दोष – कुणी सरकारी अर्ज वाचून दाखवावा तशी. मंगळवारच्या टेपमध्ये आमचा सगळा गोंधळ. पण त्या गोंधळाखाली, तेराव्या घरात, मिस्टर ओथा गप्प राहतात, आणि अंगावर काटा येतो. असली वाक्यं मी लिहीत नाही. पण आलाच.

तीस वर्षं विद्यार्थ्यांना ऐकायला शिकवते आहे. आणि स्वतः काय केलं? मोजलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा हा शेवटचा अल्बम असेल. आणि तो मी असा करून ठेवला आहे!

शुक्रवार, १०

पाचही जणांच्या कागदांवरचे घरांचे आकडे खोडले. वर एवढंच लिहिलं: खांद्याकडे बघा.

मग मिस्टर ओथांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नीने – सगळे त्यांना मिस आयडेला म्हणतात – उचलला. "उद्या त्यांना हवं तसं गाऊ द्या," मी म्हणाले.

"ते तुम्हीच सांगा, बाई! तीन दिवस टेबलावर चवळीचे दाणे मांडून बसलेत. बारा-बाराच्या रांगा. शिजवायला एक दाणा उचलू देत नाहीत मला."

शनिवार, ११

पाचही जणांसमोर मिस्टर ओथांची माफी मागितली. "सोड गं, पोरी," ते म्हणाले आणि गायला उभे राहिले. आम्ही सहाही जण खांद्यावर डोळे लावून.

बारा. पुन्हा बारा. पुन्हा बारा.

"तेराव्या घरात थांबावं म्हणतो," ते म्हणाले, "पण आकडा आधी येतो."