बेटावरची बरणी

बाबा, परवा, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बेटावर जाऊन आलो. दगडांची वाट उघडी पडली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. एका हातात आईची लोणच्याची रिकामी बरणी, दुसऱ्या हातात गोड्या पाण्याचा कॅन. तुम्ही गेल्यापासून मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. आपल्याकडे गुरं उरली नाहीत, त्यामुळे गवताला कोणी जात नाही. आता फोटो काढायला मुलं जातात आणि भरतीत अडकतात. मागच्या महिन्यात दोघं संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत तिथे तहानलेली बसून होती. ते ऐकलं आणि बुरुजाच्या कोनाड्यातली आपली बरणी आठवली.

बेट फारसं बदललेलं नाही. समुद्राच्या बाजूला काळा कातळ, खाडीच्या बाजूला चिखल आणि तिवरं, मधे पाठीसारखा उंचवटा आणि त्यावर गुडघाभर गवत. तिवरं मात्र पुढे सरकली आहेत. तुम्ही होडी ओढून ठेवायचात तिथे आता रान आहे. बुरुज अर्धाच उरलाय. शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की तो पोर्तुगीजांच्या वेळचा, खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला बांधलेला. मी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही गवताचा भारा बांधता बांधता म्हणालात, "आसंल. पन त्या पहारेकऱ्याला पानी गावातनंच जात आसंल." बेटावर ना विहीर ना झरा. म्हणून आपली रीत. जो जाईल त्याने कोनाड्यातल्या बरणीतलं शिळं पाणी शेजारच्या देवाच्या दगडावर ओतायचं, घरून नेलेलं ताजं भरायचं आणि तोंडावर फडकं बांधायचं. प्यायचं फक्त अडकलेल्याने.

मी विशीत होतो. कामणच्या एका गोदामात नोकरीसाठी बोलावलं होतं आणि त्याच सकाळी तुम्ही मला गवताला पाठवलंत. उशीर होईल म्हणून चिडलो होतो. दगडांवर कॅन जड झाला तेव्हा तो तिथेच ओतून टाकला. मनात म्हटलं, बरणीत जुनं पाणी आहेच की. कोनाड्यापाशी पोचलो, देवाला हात जोडले, आणि हातांनी सवयीने बरणी उचलून जुनं पाणी दगडावर ओतलं. मग कळलं. कॅन रिकामा, बरणीही रिकामी. तरी मी फडकं बांधलं आणि घरी येऊन सांगितलं, "भरली." नोकरी मिळाली.

पुढच्या उधाणाला तुम्ही बेटावर गेलात. कालवाच्या शिंपीने पाय कापला, ओहोटी चुकली, आणि चैत्राच्या उन्हात दिवसभर तुम्ही त्या कातळावर बसलात. मी कामावरून घरी आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून तांब्याने पाणी पीत होतात. आई म्हणाली, चिंबोऱ्या धरणारे काका काल गेले होते, बरणीतलं पाणी त्यांनीच प्यायलं असणार. तुम्ही म्हणालात की त्यांनी नाही. पण तोवर शेजारीण ऐकून गेली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच बोललात, "बेटावर कोन कोनाला बघत नाय. म्हनून तर पानी ठेवायचं."

पंधरा दिवसांनी तुम्ही मला बरोबर नेलंत. पाय बरा झाला नव्हता, तरी कॅन तुम्हीच उचललात. मी हात पुढे केला तर म्हणालात, "तू मोकळा चल." लंगडत तुम्ही पुढे, मोकळ्या हातांनी मी मागे. एवढं जड काही मी आजवर उचललेलं नाही.

काकांना मात्र गावाने सोडलं नाही. पुरणपोळीच्या पंगतीत, लग्नात, कोणीतरी विचारायचंच, "काका, पाणी वाढू, का बेटावरनं पिऊन आलात?" ते हसायचे. दर सुगीला तुम्ही मलाच त्यांच्याकडे नवे तांदूळ घेऊन पाठवायचात. मी पिशवी दारात ठेवून परतायचो. दरवर्षी तुम्ही मला खरं सांगायची एक संधी देत होतात, हे मला तुम्ही गेल्यावर उमगलं.

परवा बेटावरून उतरलो तो चिखलाच्या पायांनी थेट काकांच्या अंगणात गेलो. ते जाळ्याची भोकं सांधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"तुज्या बापाला त्याच दिशी कळलेलं," ते म्हणाले. "फडक्याला तुमच्या भाऱ्याची गाठ होती. मी जाल्याची गाठ मारतो. माज्याकडं येऊन बोलला, 'तुजं नाव मी आत्ताच मोकलं करतो.' मीच म्हटलं, र्‍हाऊ दे, पोरगा सांगल." मग हसले. "लय वेल लावलास रं. माजे दात गेले हसून हसून."

संध्याकाळी देवळात आरती झाल्यावर मी लोकांना थांबायला सांगितलं आणि उभ्याने सगळं बोललो. चिडवणारे बरेचसे वर गेलेत, त्यांची मुलं होती. काका प्रसाद घेऊन गेले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, तुमच्यासारखाच जड.

बाबा, गोदामाचं कुलूप लावल्यावर मी रोज मागे फिरून ते एकदा ओढून पाहतो. लोक हसतात. ती सवय तुमची देणगी, आणि तिने माझं पोट भरलं, झोपही शांत दिली. पण एक गोष्ट देवळात सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. परवा बरणी भरून फडक्याला आपली गाठ मारली, देवाला हात जोडले, चार पावलं उतरलो. मग परत चढलो, गाठ सोडली आणि आत पाणी आहे ना, ते पाहिलं.