एकाच बोंबेत दोघांची नावं

प्रिय बाबा,

आधी माफी. माझं शुद्धलेखन तुला माहीतच हाय, नि या मशीनवर माझी बोटं खेकड्यासारखी तिरकी चालतात. नेरूळला टायपिंग क्लासला जाते आता. आठवीत शाळा सोडली तेव्हा तूच बोललेलास, "मुके, तुला बोलायला नको ना? मंग टाईप कर." आज सर बोलले, कोणालापण पत्र टाईप करा. बाकीच्या पोरी मॅनेजरला अर्ज टाईप करतायत. माझा कुठला मॅनेजर?

पण खरं कारण दुसरं हाय. पालिकेतली सत्ता परवा पडली. टेकू दिलेले अपक्ष पळाले. नि आज सकाळी नाक्यावर लोकं परत तेच बोलत होती, तुझंच वाक्य! "दोन मोठ्या पार्ट्या एकत्र का नाय येत? बेरीज तर सरळ हाय."

डोकं फिरलं माझं. ही सरळ बेरीज करायला तूच गेलेलास ना, बाबा!

आठवतं? जन्मभर तू भाऊंच्या पार्टीच्या भिंती रंगवल्यास. सकाळी खाडीत, दुपारी चुन्याची बादली. इलेक्शन झालं, नि बहुमत ना भाऊंना, ना समोरच्या पार्टीच्या शेठला. आपल्या खाडीवर होड्या लावायची जेटी मात्र दोघांनी कबूल केलेली. तू खूश. "दोघं पन जेटीच बोललेत. मंग दोघांनी बसा, जेटी बांधा, नि परत भांडा ना!" किती सोपं वाटलं तुला! आई बोलली, "जाव नको, दोघं पन तुला खातील." तू ऐकतोस कोणाचं?

दोन पिशव्या खाडीतल्या चिंबोऱ्या घेतल्यास नि मला सोबत नेलंस.

भाऊ आधी हसले. मग बोलले, "अरे येड्या, पाच वर्षं मी माईकवर त्याला चोर बोलतोय. उद्या त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो तर लोकं काय बोलतील? 'भाऊ, तवा खोटं बोललास का आता खोटं बोलतोस?' असंच ना? आपली पोरं कशाला फिरतात माझ्या मागं? माझ्यावर प्रेम हाय म्हणून? त्याचा राग हाय म्हणून! तो रागच गेला तर माझ्याकडं राहिलं काय?"

शेठनं तर चहा पाजला. गोड बोलतो तो. "काका, दोन्ही पहिलवान एका बाजूला उभे राहिले तर कुस्ती कोनाशी? आमच्यावर चिडलेला मानूस मत कोनाला देनार? तिसऱ्याला! आपन दुकान काढलं नि गिऱ्हाईक त्याचं. आनि भाऊला घेतला तर तो अर्धं मागनार. अपक्ष बरा. एक कमिटी दिली की गप बसतो."

मी कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकलं. पण एक सांगू? दोघं खरं बोलले. त्याचाच जास्त राग येतो. आमच्यासमोर खरं बोलायला त्यांना लाजपण नाय वाटली.

चिंबोऱ्या मात्र दोघांनी ठेवून घेतल्या. त्यावर एकमत!

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या पोरांनी तुझी बादली गटारात ओतली. "फितूर" बोलले तुला. शेठची पोरं नाक्यावर शिट्ट्या मारायची, "काय काका, युती कधी?" तू हसायचास. का हसायचास रे? एकदा तरी शिवी द्यायची होतीस!

नि मग तो दिवस. छातीत कळ आली तेव्हा तू होडीत, नि खाडीला पूर्ण ओहोटी. होडी लांबच रुतली. जेटी असती तर पाच मिनिटांत रिक्षात असतास. चार जणांनी मांडीभर चिखलातून तुला उचलून आणला, मधे दोनदा पडले. रिक्षा वर रस्त्यावर चालू उभी. मी तिच्या दांडीला धरून. तू येईपर्यंत गार झालेलास.

मयतीला भाऊ आले. तुझ्यावर झेंडा टाकला, बोलले, "आमचा जुना कार्यकर्ता." शेठची गाडी तेव्हा गिरणीच्या कोपऱ्यावर थांबलेली, काचा वर. भाऊ गेले तसा शेठ आला. त्यानं त्याचा झेंडा टाकला. "आमचा हितचिंतक." मेलेल्या माणसापाशीपण दोघं एका वेळी उभे नाय राहिले, बाबा! सत्तेत काय बसणार?

ते गेल्यावर आईनं दोन्ही झेंडे ओढून काढले नि तुझ्यावर तुझं जाळं घातलं. झेंडे बकरीच्या गोठ्यात टाकले. बकरी रोज त्यांच्यावर मुतते. शेजारी शेजारी अंथरलेत. बघ, एवढीच युती झाली.

आता ऐक. शिमगा आलाय. सत्ता पडलीय, म्हणजे दोघांना मतं हवीत, म्हणजे दोघं गावच्या होळीला येणार. नि होळी एकदाच पेटते. तिथं गाडीत बसून थांबता येत नाय. एक जण या बाजूला, दुसरा त्या बाजूला, मधे जाळ. नि आपल्या गावचा कायदा तुला माहीत हाय, होळीत ज्याच्या नावानं बोंब मारली त्यानं राग धरायचा नाय, हात जोडून उभं राहायचं.

आई बोलते, "बायका कवा बोंब मारतात गो? नि तू? तुला दुकानात मीठ मागता येत नाय!" खरं हाय. काल खाडीवर कोणी नव्हतं तेव्हा मारून बघितली. पहिल्यांदा आवाजच नाय आला. दुसऱ्यांदा बगळे उडाले.

बाबा, शब्द देते. होळी पेटली की मी पुढं होईन. भाऊंचं नाव नि शेठचं नाव, मधे श्वास न घेता, एकाच बोंबेत घेईन, नि शेवटी जेटी. अख्खं गाव मागून बोंब मारेल. ते दोघं जाळाच्या दोन बाजूंना हात जोडून उभे राहतील, नि दरवर्षी राहतील, कारण मी दरवर्षी येईन. तुला जमली नाय ती युती मी करून दाखवीन. जेटी बांधल्याशिवाय मोडणार नाय ती.

तुझी,
मुकी

ता.क. आपली बकरी काल सेक्टरमधल्या नव्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरली नि चौथ्या मजल्यावर उतरली. तिथल्या बाईनं तिला चपाती दिली. आता ती खाली यायला तयार नाय.